वार्षिक आढाव्यातला वाढलेला आकडा कसा वाचावा?

प्रश्न पुण्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांचा आहे. दर जानेवारीत पोलीस आयुक्तालय वर्षभराच्या कामगिरीचा आढावा मांडतं. त्यात त्यांनी वाचलं की एकूण गुन्हे वाढले, पण उघडकीचं, म्हणजे आरोपीचा छडा लागलेल्या गुन्ह्यांचं, प्रमाणही चांगलं आहे. त्यांच्या सोसायटीत दीड वर्षात तीन घरफोड्या झाल्या आणि एकीचाही छडा लागला नाही. त्यांनी विचारलंय : शहर बिघडलं असं समजायचं, की पोलीस आकडे फुगवतात असं?

मी फौजदार म्हणून भरती झालो आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं गुन्हे शाखेत असताना हाच आढावा तयार करणाऱ्यांत मी होतो, त्यामुळे तो कसा बनतो हे आतून पाहिलं आहे. बहुतेक वेळा त्यातला एकेक आकडा खरा असतो. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर असतो, तो प्रश्न तुमच्या मनातला नसतो.

सुरुवात 'गुन्हे वाढले' इथून करू. आढाव्यात येतो तो दाखल गुन्ह्यांचा आकडा. घडलेला गुन्हा आणि दाखल गुन्हा यांच्यामध्ये एक टेबल असतं आणि त्या टेबलामागे ठाणे अंमलदार बसलेला असतो. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक बाई ठाण्यात आल्या. बसमधून उतरताना गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावून नेलं होतं, मानेवर ओरखडा स्पष्ट दिसत होता. अंमलदारानं 'मंगळसूत्र गहाळ' अशी नोंद करून त्यांच्या हातात दाखला दिला. महिनाअखेरची क्राइम मीटिंग चार दिवसांवर होती आणि त्या महिन्यात जबरी चोऱ्या आधीच जास्त झाल्या होत्या. मी समोर उभा होतो आणि गप्प बसलो. त्या बाई पुढे दोन महिने दर सोमवारी चौकशीला यायच्या. त्यांना वाटत होतं तपास चालू आहे. गुन्हाच नव्हता तर तपास कसला? त्या वर्षीच्या तक्त्यात आमच्या ठाण्याच्या जबरी चोऱ्या कमी दिसल्या आणि शाबासकी मिळाली. ही गोष्ट मला आजही खुपते.

आमच्या खात्यात याला 'बर्किंग' म्हणतात, म्हणजे गुन्हा दाबणं. त्याच्या पद्धती ठरलेल्या : चोरीचं गहाळ करायचं, मारहाणीतली दुखापत हलकी दाखवून अदखलपात्र म्हणजे एनसी घ्यायची, नाहीतर 'अर्ज द्या, चौकशी करतो' म्हणून परत पाठवायचं. १२ नोव्हेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, आणि ऑनलाइन तक्रार हे दोन्ही थेट कायद्यात आणलं. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत सही करायला जायचं. म्हणून एखाद्या आयुक्तानं 'आलेली प्रत्येक तक्रार घ्या' असं मनापासून सांगितलं, तर पुढच्या वर्षी आकडा चढणारच. त्या चढाला आपण लगेच 'गुन्हेगारीचा कहर' म्हणतो. मग मीटिंगमध्ये ठाणेदाराला झापलं जातं आणि त्याच रात्री टेबलावर 'गहाळ' पुन्हा सुरू होतं. नागरिकांनी आणि पत्रकारांनी ही एक गोष्ट समजून घेतली तर मंगळसूत्र गेलेल्या पुढच्या बाईचा गुन्हा गुन्हा म्हणून लिहिला जाईल.

दाबता न येणारे आकडे मोजकेच. खून हा पहिला, कारण प्रेत लपत नाही. वाहनचोरी दुसरी, कारण एफआयआर नसेल तर विमा कंपनी पैसे देत नाही. गेल्या पाच वर्षांत शहर सुधारलं की बिघडलं हे पाहायचं असेल तर आधी हे दोन रकाने काढा. खुनाचा आकडा स्थिर आणि एकूण आकडा वाढलेला, असं दिसलं तर नोंदणी वाढली असण्याची शक्यता मोठी. खूनही वाढले आणि खुनाचा प्रयत्नही वाढला, तर मात्र काळजीचं कारण आहे.

एकूण आकडा फसवतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२० चं. त्या वर्षी देशभरात दाखल गुन्हे २०१९ पेक्षा २८ टक्क्यांनी वाढले, आणि वाढ झाली ती टाळेबंदीत, रस्ते ओस पडलेले असताना! भारतीय दंड विधानातलं, म्हणजे भादंविमधलं, लोकसेवकाचा आदेश मोडण्याचं जुनं कलम १८८ त्यामागे होतं. २०१९ मध्ये त्याखाली २९,४६९ गुन्हे होते, २०२० मध्ये ६,१२,१७९ झाले. मास्क नाही, विनाकारण बाहेर, दुकान उघडं, म्हणून हे गुन्हे. महाराष्ट्रात आम्ही भाग १ ते ५ आणि भाग ६ असा फरक करतो. पहिल्यात खून, चोरी, मारामारी. भाग ६ मध्ये जुगार, दारूबंदी, शस्त्र, अमली पदार्थ असे खास कायद्यांखालचे गुन्हे. भाग ६ मधले बहुतेक गुन्हे पोलिसांनी स्वतः जाऊन धाड टाकली तरच नोंदले जातात. अमली पदार्थांचे गुन्हे दुप्पट झाले याचा अर्थ गांजा दुप्पट विकला गेला असा नसतो. पथक दुप्पट वेळा बाहेर पडलं एवढंच त्यातून कळतं. दोन्ही भागांची बेरीज करून टक्केवारी काढली की तिला काही अर्थ उरत नाही.

पुण्याबाबत हद्दीचा घोळ वेगळा. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय झालं आणि हिंजवडी, वाकड, भोसरीसारखी ठाणी पुणे शहरातून गेली. २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ग्रामीणमधून शहरात आली. २०२४ मध्ये वाघोली, खराडी, फुरसुंगी, बाणेर, आंबेगाव, नांदेड सिटी, काळेपडळ अशी सात नवी ठाणी सुरू झाली. २०१७ चा पुण्याचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवणारा माणूस दोन वेगवेगळ्या शहरांची तुलना करतो आहे. नव्या ठाण्यांचंही तसंच. ठाणं जवळ आलं की लोक तक्रारीला जास्त येतात. पूर्वी 'कोण जाणार तिकडे दोन तास घालवायला' म्हणून सोडून दिलेलं आता नोंदलं जातं.

१ जुलै २०२४ ही तारीखही तक्ता वाचताना डोक्यात ठेवा. त्या दिवशी भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे खिशातून दोन हजार मारले तर ती चोरी आपोआप एनसीच्या वहीत जाते आणि आढाव्यातून बाहेर पडते. हिसकावून चोरीला कलम ३०४ असं स्वतंत्र घर मिळालं. पूर्वी साखळी ओढली की आम्ही सहसा भादंवि ३९२, जबरी चोरी लावायचो. आता त्यातली काही प्रकरणं ३०४ खाली जातात. तेव्हा २०२३ च्या तुलनेत 'जबरी चोऱ्या घटल्या' असं दिसलं तर बाजूचा रकाना वाचल्याशिवाय आनंद मानू नका.

आणि 'लाख लोकसंख्येमागे गुन्हे' हा दर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात महानगरांची लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेची धरलेली असते, पुण्यासाठी ५०.५ लाख. मधल्या काळात शहर किती पसरलं हे तुम्ही वाघोलीच्या रस्त्यावर सायंकाळी उभं राहून पाहू शकता. भाजक जुना आणि भाज्य नवा असला की दर चढाच दिसतो. शिवाय त्या विभागाचा अहवाल उशिरा येतो. २०२३ सालचा २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस आला. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी तिथे सगळ्यात गंभीर एकच मोजलं जातं. बलात्कार करून खून केला तर तो बलात्काराच्या रकान्यात मोजला जात नाही.

आता तुमच्या घरफोड्यांकडे येतो. उघडकीचं प्रमाण चांगलं आणि तुमच्या तीनही घरफोड्या तशाच पडून, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

मारहाण, विनयभंग, लग्नाचं आमिष दाखवून अत्याचार, कौटुंबिक छळ, या गुन्ह्यांत फिर्यादीच आरोपीचं नाव सांगते. गुन्हा नोंदवला त्या क्षणीच तो 'उघड' असतो. धाडीत पकडलेला गुन्हा तर पकडूनच नोंदवलेला. हे सगळं एकत्र केलं की टक्केवारी फुगते, आणि ते करताना कुणी खोटं लिहिलेलं नसतं. तपासाची खरी परीक्षा आरोपी अज्ञात असलेल्या गुन्ह्यांत होते : रात्रीची घरफोडी, दिवसाची घरफोडी, वाहनचोरी, साखळीचोरी, मोबाइल. दिवसाची घरफोडी सगळ्यात अवघड. रात्रीच्या चोराला गस्तीची भीती असते, दिवसाचा चोर कुरिअरवाल्यासारखा जिन्यानं चढतो आणि वीस मिनिटांत उतरतो.

त्यातही 'उघड' या शब्दाची एक गोम आहे. ठाण्याच्या तपास पथकानं, म्हणजे डीबीनं, वाहनचोरांची टोळी धरली आणि त्यांच्याकडून तीस दुचाकी निघाल्या, तर एका दिवसात तीस गुन्हे उघड होतात. काही गेल्या वर्षीचे, काही दुसऱ्या जिल्ह्यातले. त्या महिन्याची टक्केवारी उंच जाते. ही कामगिरी खरीच, मी अशा पथकांत रात्री जागवल्या आहेत. पण गाडी हाती लागली की तो पुरावा आहे. आरोपी नुसतं 'ती चोरी पण मीच केली' म्हणाला तर तो नाही. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. त्या कबुलीतून जी वस्तू सापडते तेवढीच चालते. म्हणून उघडकीच्या शेजारी 'मिळालेला मुद्देमाल' वाचा. घरफोडीत किती रकमेचा ऐवज गेला आणि किती परत आला, या प्रमाणात तपास पथकाचा कस दिसतो. सोनं असेल तर ते बहुधा सोनाराकडे वितळून लगड होऊन येतं. आजीची पाटली ओळखू येत नाही, वजन तेवढं जुळतं. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असतो. १९६१ साली त्या दिवशी पंतप्रधान नेहरूंनी दलाला ध्वज दिला. त्या सप्ताहात मुद्देमाल परत करण्याचे कार्यक्रम होतात. ऐवज परत मिळालेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. माझ्या लेखी त्या दिवशी खात्याची सर्वांत मोलाची कामगिरी तीच असते.

तुमच्याच घरफोड्या का राहिल्या? तुमचं ठाणं मला माहीत नाही, पण ठाण्यातला माणूस कुठे असतो ते माहीत आहे. डीबीत सात-आठ जण. जून-जुलैत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामी, त्याआधी आठवडाभर तयारी. मग दहा दिवस गणपती आणि विसर्जनाची मिरवणूक, जी चोवीस तासांत सहसा संपत नाही. नवरात्र, निवडणूक, व्हीआयपी दौरा, १ जानेवारीला पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या अभिवादनाचा बंदोबस्त. हजेरी मास्तर यादी काढतो तेव्हा डीबीचा माणूसही त्यात असतो. चोरी झाल्यावर पहिले दोन दिवस फुटेज गोळा करायचे असतात, कारण सोसायट्यांचे कॅमेरे पंधरा दिवस ते महिन्याभरात जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. तपास अधिकारी बंदोबस्तातून परत येईपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातलं फुटेज गेलेलं असतं. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह प्रकरणात २००६ साली सांगितलं. ठाण्याच्या पातळीवर ते नीट झालं नाही याची किंमत तुमच्यासारखे लोक मोजतात. आणि लाखोंचा बंदोबस्त चेंगराचेंगरीविना पार पडला, ही त्या वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी असते. पण न घडलेल्या दुर्घटनेला आढाव्यात रकाना नसतो.

डिसेंबरचं थोडं सांगतो. वर्षअखेर जवळ आली की 'निर्गती'ची मोहीम लागते. प्रलंबित गुन्हे निकाली काढा, असा रेटा येतो. निर्गती दोन तऱ्हांनी होते : दोषारोपपत्र किंवा समरी, म्हणजे तपास बंद करण्यासाठी न्यायालयाला पाठवलेला अहवाल. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही तर ए समरी. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर बी. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली असेल तर सी. डिसेंबरात घाईनं पाठवलेली दोषारोपपत्रं मी वाचली आहेत. न्यायवैद्यक अहवाल 'मागाहून सादर करीत आहोत' असं लिहिलेलं. चार वर्षांनी तीच खटल्यात आडवी येतात. पंच फितूर होतो, तपास अधिकारी बदलून गडचिरोलीला गेलेला असतो, आणि आरोपी सुटतो.

म्हणून दोषसिद्धीचा आकडा मी नेहमी दोनदा वाचतो. त्याचा भाजक त्या वर्षी निकाल लागलेले खटले असतो, दाखल झालेले गुन्हे नव्हे. आज वाचलेलं दोषसिद्धीचं प्रमाण पाच-सात वर्षांपूर्वीच्या तपासाचं फळ असू शकतं. शिवाय जुगाराच्या किंवा किरकोळ गुन्ह्यांत आरोपी दंड भरून कबूल होतो आणि प्रमाण वर जातं. सत्र न्यायालयातलं प्रमाण वेगळं मागा. त्यातून तपासाची गुणवत्ता कळते.

तडीपारी आणि एमपीडीए, म्हणजे सराईत गुंडांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा, यांचे आकडे अलीकडे ठळक छापतात. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. एमपीडीए १९८१ चा, त्यात वर्षभर स्थानबद्धता. सराईत गुंड वस्तीतून गेला की भाजीवालीला हप्ता द्यावा लागत नाही, हे मी पाहिलं आहे, म्हणून मी या कारवाईच्या बाजूचा आहे. पण ऐंशी आदेश काढले हे सांगताना त्यातले किती अपिलात, सल्लागार मंडळापुढे किंवा उच्च न्यायालयात टिकले हेही सांगावं. न टिकलेला आदेश गुंडाला मोठा करतो. तो पेढे वाटत परत येतो.

वाहतुकीवर फार लिहीत नाही. ई-चलनाचा कोट्यवधींचा आकडा आकारलेल्या दंडाचा असतो, वसूल झालेला वेगळा विचारा. आणि अपघातापेक्षा अपघाती मृत्यू पाहा. नवले पुलासारख्या उतारावर माणसं मरतात तेव्हा त्यात रस्त्याची रचनाही असते.

सायबरबद्दल मात्र थांबायला हवं, कारण पुण्यासारख्या शहरात पैशाचं सगळ्यात मोठं नुकसान आता तिथे होतं. शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपमध्ये, 'डिजिटल अरेस्ट'च्या व्हिडिओ कॉलवर निवृत्त लोकांची आयुष्याची पुंजी जाते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारी आणि दाखल एफआयआर यांत फार मोठं अंतर असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि एका ठाण्यात निरीक्षक असतात दोन-तीन. त्यांतला एक ठाणं चालवतो. काम तिथेच तुंबतं. आढाव्यात 'इतके कोटी गोठवले' असं लिहिलेलं असलं तर त्यातले तक्रारदाराच्या खात्यात किती परत गेले ते विचारा. गोठवलेली रक्कम म्हणजे वाटेत अडवलेली रक्कम.

आता तुमच्यापुरतं. तीनही एफआयआरच्या प्रती जवळ ठेवा. त्या मोफत मिळतात. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. तुम्हाला कळवलं नसेल तर ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना त्या कलमाचा उल्लेख करून लेखी विचारा, उत्तर नाही आलं तर विभागाच्या सहायक आयुक्तांना. बोलताना भांडू नका, नेमकं विचारा : ठसे घेतले होते का, कुणाचं फुटेज घेतलं, तशाच पद्धतीची चोरी करणारे कोण त्या काळात तुरुंगातून सुटले होते. तपास अधिकाऱ्याला कळतं की हा माणूस लक्ष ठेवून आहे. ए समरी पाठवली असेल तर दंडाधिकारी तुम्हाला नोटीस काढतील, तिथे आपलं म्हणणं मांडायचा तुमचा हक्क आहे. ती नोटीस फाडून टाकू नका.

पुढे कधी असं झालं, देव करो न होवो, तर कपाटाला, कडीला हात लावू नका आणि पोलीस येईपर्यंत घर आवरू नका. ए समरी झाली म्हणजे फाइल संपली असं नाही. ठसे राज्याच्या 'अँबिस' प्रणालीत आणि राष्ट्रीय 'नफीस'मध्ये चढवलेले असतील तर तोच माणूस तीन वर्षांनी नाशकात किंवा सुरतेत दुसऱ्या गुन्ह्यात धरला गेला तरी जुळणी लागू शकते, आणि बंद झालेला गुन्हा त्या दिवशी पुन्हा उघडता येतो. मात्र त्यासाठी पहिल्या दिवशी तुमच्या कपाटावरचा ठसा कुणीतरी उचललेला असायला हवा. ठाण्यात जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारा.